नॉर्मंडीच्या ड्यूकांच्या कबरी बघायला गेलो, हाडांचा मात्र पत्ता नाही

पॅरिसला कामासाठी गेलोच होतो म्हणून तीन दिवस काढले, डोक्यात एकच खूळ, नॉर्मंडीच्या व्हायकिंग ड्यूकांच्या कबरी बघायच्या. सेंट-लाझार स्टेशनवरून रुआँ दीडेक तास. फ्रँक राजा चार्ल्सने 911 मध्ये व्हायकिंग सरदार रोलोला हा मुलूख देऊन टाकला, म्हणजे दरोडेखोरालाच राखणीला बसवलं, आणि तो रोलो नि त्याचा मुलगा विल्यम लाँगस्वर्ड दोघांचे आडवे दगडी पुतळे इथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत. इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्ट, त्याचं तर इथे नुसतं हृदय पुरलंय. सोमवारी सकाळी कॅथेड्रल बंद असतं, आम्ही नेमके तेव्हाच टपकलो आणि दुपारपर्यंत पावसात फिरत बसलो.

फेकाँ गावच्या ॲबीत, म्हणजे मठात, ड्यूक पहिला आणि दुसरा रिचर्ड. त्यांच्या म्हणून जपलेल्या हाडांची 2016 मध्ये तपासणी झाली, तर ती व्हायकिंग यायच्याही आधीची निघाली! कोणाची, देव जाणे.

काँ (Caen) शहराला मात्र वेळ ठेवा. सेंट-एतिएन चर्चमध्ये वेदीसमोर साधी फरशी, तिच्याखाली विल्यम द कॉंकरर, म्हणजे त्याचं मांडीचं एक हाड, कारण 1562 मध्ये ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांनी कबर फोडली होती. मुळात 1087 च्या अंत्यविधीतच एक जण उठला की ही जमीन माझ्या बापाची, ढापलीये, आधी पैसे टाका. दिले बिचाऱ्यांनी. मग देह शवपेटीत कोंबताना फुटला आणि वासाने लोक पळाले. इंग्लंड जिंकणाऱ्या माणसाची ही गत. बायको मटिल्डा गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिची काळ्या दगडाची मूळ फरशी अजून शाबूत, ती चुकवू नका.

व्हेज लोकांनी गॅलेत खावा, कुट्टूच्या पिठाचं घावनच ते, फक्त हॅम नको म्हणून आधीच सांगा. विल्यमने इंग्लंड जिंकल्याची गोष्ट भरतकामात सांगणाऱ्या कापडाचं, बायूचं टेपेस्ट्री म्युझियम नूतनीकरणासाठी सप्टेंबर 2025 पासून बंद आहे, त्यामुळे जायच्या आधी चेक करा.

फालेझ, विल्यमचं जन्मगाव, काँहून बसने. परतीची बस आधी बघून ठेवा, विशेषतः रविवारी, आम्ही ठेवली नाही आणि चौकात अडकलो. तिथे घोड्यावर विल्यम आणि खाली चौथऱ्याभोवती त्याच्या आधीचे सहाही ड्यूक उभे आहेत, त्यांच्यातला रॉबर्ट म्हणजे विल्यमचा बाप, जेरुसलेमहून येताना नायसियात, आजच्या तुर्कीत, वारला तो. बस येईपर्यंत सहाही जणांची नावं पाठ झाली.