एक फ्रेम, सोळा शीट्स आणि स्पेनचा घोळ

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या परराष्ट्र-राजकारणावरची माझी टपालतिकिटांची फ्रेम (प्रदर्शनातली सोळा शीट्सची चौकट) बरीचशी लागली. लढायांची तिकिटं ढिगाने मिळतात, पडद्यामागचं शोधायला मात्र दमछाक होते.

सुरुवात सॅराटोगाने, १९७७चं १३ सेंटचं तिकीट. ऑक्टोबर १७७७मध्ये ब्रिटिश सेनापती बर्गॉइन तिथे शरण आला आणि ६ फेब्रुवारी १७७८ला फ्रान्सने अमेरिकेशी उघड तह केला. पण बंदुका आणि दारूगोळा त्याआधीच पोचत होता, फ्रेंच नाटककार बोमार्शेने काढलेल्या बनावट पेढीमार्फत! फ्रान्स आणि स्पेनने १७७६मध्येच त्यासाठी प्रत्येकी दहा लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) गुपचूप दिले होते. याचं तिकीट कुठून आणणार? फ्रान्सचं १९५३चं फिगारोचं लावलंय, पात्र बोमार्शेचंच. परीक्षकांनी नाक मुरडलं तर मुरडोत.

खरा घोळ स्पेनचा. इंग्रजांशी लढलेला स्पॅनिश सेनानी गाल्वेझ, त्याचं १९८०चं तिकीट ‘मित्रराष्ट्रे’ शीटवरून उतरवलं. स्पेनने १७७९मध्ये करार केला तो फ्रान्सशी, डोळा जिब्राल्टरवर. अमेरिकेशी तह नाहीच. आपल्याही वसाहती उद्या हेच करतील ही धास्ती. आता त्याला स्वतंत्र शीट, मथळा ‘शत्रूचा शत्रू’.

ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस जिथे कोंडला गेला, त्या यॉर्कटाउनचं १९३१चं दोन सेंटचं तिकीट फोर्टातल्या डीलरकाकांकडे मिळालं. काळी चित्रं चौकटीत डावीकडे सरकलेली. “काका, भाव कमी करा की.”

“ताई, तांबडी चौकट वेगळी छापतात, काळे चेहरे वेगळे. सरकायचेच.”

भाव काही उतरला नाही. भिंगाखाली रोशांबो, वॉशिंग्टन, द ग्रास. तिघांत दोघे फ्रेंच, आणि तिकीट अमेरिकेचं! रास्तच आहे. ५ सप्टेंबर १७८१ला द ग्रासच्या आरमाराने चेसापीक उपसागराचं तोंड राखलं नसतं, तर कॉर्नवॉलिस समुद्रावाटे सुटला असता. (हाच पुढे आपल्याकडे गव्हर्नर-जनरल.)

मराठ्यांनाही फ्रेममध्ये घ्यायचा मोह होता. १७७७मध्ये फ्रेंच दूत सेंट ल्यूबँ पुण्यात आला, नाना फडणवीसांनी त्याची बडदास्त ठेवली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. पण विषय भरकटेल, म्हणून नकाशाखाली एक ओळ, बस्स.

शेवटचं शीट युद्ध संपवणाऱ्या १७८३च्या पॅरिस तहाचं. आदल्या नोव्हेंबरात अमेरिकनांनी फ्रेंच मंत्री व्हर्जेनला न विचारताच प्राथमिक मसुद्यावर सह्या ठोकल्या होत्या, तेही तिथे लिहिणार.

डचांनी १९ एप्रिल १७८२ला अमेरिकेला मान्यता दिली, त्याच्या द्विशताब्दीची १९८२ची डच तिकिटं अजून हवीत. कुणाकडे जादा असतील तर बदल्यात अमेरिकेकडून लढलेल्या फ्रेंच लाफायेतची १९५७ची देते, मिंट (न वापरलेली), हिंज (चिकटवायची कागदी पट्टी) न लावलेली.