तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री गाडी का चालवत नाही

लग्नसराई आली की हा प्रश्न येतोच. "मोतीबिंदू काढलाय, लेन्स बसवलीय, तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचता, मग अंधार पडला की किल्ली दुसऱ्याच्या हातात का देता?" साडू विचारतात, व्याही विचारतात. मार्केट यार्डातले जुने अडते तर चेष्टाच करतात. "वय झालं" म्हणून आजवर वेळ मारून नेली. आता एकदाच लिहितो.

मला दिसतं. सहा बाय सहा दिसतं. पण तो तक्ता अंधाऱ्या खोलीत असतो. तिथं समोरून कुणी अप्पर मारत येत नाही.

कारखाने सुरू होते. तासगावहून सांगलीला परतत होतो, दिवेलागण होऊन बराच वेळ झालेला. समोरून एक गाडी आली, पांढरेफटक एलईडी, अप्पर तसाच. असा झोत आला की नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि निभावून न्यायचं, ही माझी जुनी सवय. त्या रात्री पट्टीच गेली. झाडं गेली. काचेपलीकडे सगळं दुधाळ. पाय थोडासाच उचलला, कारण रस्ता पाठ होता. उसाची ट्रॉली पाठ नव्हती. ॲक्सल तुटून कडेला कलंडलेली, मागे रिफ्लेक्टर नाही, चार दगड आणि एक डहाळी एवढाच काय तो इशारा. बायको ओरडली, "अहो, ऊस!" ट्रॉली नाही म्हणाली, ऊस म्हणाली, तिला वाढ्यांसकट ऊस दिसला होता. आणि तिच्याही डोळ्यांत लेन्सच आहे, माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी बसवलेली. गाडी थांबली तेव्हा उसाची टोकं बॉनेटवर टेकली होती. ट्रॅक्टरवाला पोरगा धावत आला, आधी घाबरलेला, मग माझे पांढरे केस पाहून त्याला धीर आला. "काका, दिसंना व्हय?" बायको त्याच्यावर तुटून पडली: रिफ्लेक्टर कुठाय, दिवा कुठाय. मी गप्प. बुधगाव, माधवनगर करत पुढं गाडी तिनंच आणली. घरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

डोळे दाखवले. लेन्स जागेवर, पडदा उत्तम. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिच्या मागच्या बाजूवर जाळी येते, ती केव्हाच लेसरनं उघडून झालेली. तपासणाऱ्या मुलीला मी रात्रीचा प्रकार सांगितला, तेव्हा तिनं तक्ता तोच ठेवून बाजूनं टॉर्च धरला. खालच्या ओळी विरघळल्या. मग यंत्राच्या बारीक झोतात लेन्समध्ये चमचमणारे ठिपके दिसले.

विलिंग्डन कॉलेजला फिजिक्स घेतलं होतं ते इथं कामी आलं. माझी लेन्स ॲक्रिलिकची, पाणी न धरणाऱ्या जातीची. तरी डोळ्यातल्या ओलाव्यात वर्षानुवर्षं राहून तिच्या आतल्या पोकळ्यांमध्ये काही मायक्रॉनचे पाण्याचे थेंब साठतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, अशा लेन्सचा १.५५ पर्यंत. दोन्हींत एवढा फरक म्हणजे प्रत्येक थेंबापाशी किरण वाट सोडतो. पृष्ठभागालगत याहून कितीतरी बारीक थेंबांचा थर धरला, तर लेन्स बाहेरून पांढुरकी दिसते. हिवाळ्यात पहाटे कृष्णेवर धुकं असताना आयर्विन पुलावर अप्पर लावून बघा, म्हणजे विखुरलेला उजेड काय करतो ते कळेल. यात एक गोम आहे. डॉक्टरांना दिसतो तो त्यांच्याकडे परत फिरलेला उजेड. मला छळतो तो पुढं पडद्यावर सांडलेला. एकावरून दुसऱ्याचा नेमका अंदाज लागत नाही. म्हणून ठिपके भरपूर आणि तक्रार शून्य, असेही लोक असतात.

ऑपरेशननंतर मीच सांगत फिरायचो की प्लास्टिकला काय म्हातारपण, मरेपर्यंतची सोय झाली. १९४९ साली लंडनमध्ये डोळ्यांचे डॉक्टर हॅरोल्ड रिडलींनी पहिली लेन्स बसवली तीही प्लास्टिकचीच. पण त्याच जातीच्या पुढच्या काळातल्या काही लेन्स बऱ्याच वर्षांनी आतून हिमकण पडल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. पाणी धरणाऱ्या ॲक्रिलिकच्या काहींवर कॅल्शियम बसतं. जाळी समजून तिथं लेसर मारला तर उपयोग नसतो, उलट पुढं लेन्स काढणं अवघड होतं.

"मग बदलून घ्या की," हा तुमचा पुढचा प्रश्न. बारा-पंधरा वर्षांत लेन्स पिशवीला घट्ट धरून बसलीय आणि मागची पिशवी लेसरनं उघडलेली. काढताना मागचा जेलीसारखा द्रव पुढं येऊ शकतो, पडदा सुटायचीही भीती. दिवसा इतकं स्वच्छ दिसत असताना ती जोखीम मी घेणार नाही. भित्रा म्हणायचं तर म्हणा.

शिवाय दोष लेन्सचाच, हे छातीठोकपणे मलाही म्हणता येत नाही. मुलगा म्हणतो, रस्त्यावरचे दिवेच माजलेत. डॉक्टर म्हणतात, रात्री बाहुली मोठी होते, लेसरनं केलेल्या खिडकीची कडसुद्धा उजेड फोडू शकते. वय आहेच. कधी मला वाटतं, सगळे बरोबर आहेत. कधी ते ठिपके आठवतात आणि वाटतं, हे मला गप्प करायला सांगतायत.

तर मिरजेच्या लग्नाला मी येणार. गोरज मुहूर्त असला तरी येणार. परतीला मात्र कुणाची तरी गाडी आधीच बघून ठेवा, कारण बायकोही आता अंधारात चालवायला कुरकुरते.