दोनशे सहा वर्षांचा मार्क्वेस

सोमवारी सकाळी मेल उघडला, तर विषयाच्या जागी एवढंच लिहिलेलं: तुमचा मार्क्वेस दोनशे सहा वर्षं जगला, अभिनंदन.

पाठवणाऱ्या बाई क्लायंटच्या बाजूच्या तपासनीस. उभा जन्म दप्तरखान्यात काढलेल्या, आणि रागावल्या की जास्तच गोड लिहिणाऱ्या. खाली आमच्याच डेटाबेसमधल्या एका नोंदीचं चित्र डकवलेलं होतं. नाव : मार्क्वेस ऑफ ब्लँडफर्ड. जन्म १६८६. मृत्यू १७०३. मृत्यू १७३१. लग्न १७९१. शेवटचा उल्लेख १८९२. दोनदा मेल्यानंतर साठ वर्षांनी बोहल्यावर चढलेला हा माणूस आमच्या क्यूसीतून, म्हणजे शेवटच्या दर्जातपासणीतून, बिनबोभाट पार पडला होता, आणि त्या बॅचवर सही माझी होती.

आमचं काम सांगायला भारी आणि करायला कंटाळवाणं. इंग्लंडमधली जुनी वर्तमानपत्रं, चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या यांचे स्कॅन पुण्यात येतात. तिकडचे लोक पैसे भरून आपले खापरपणजोबा शोधतात. त्यांना ते सापडावेत म्हणून कुणीतरी नाव, गाव, तारीख रकान्यांत भरून ठेवावी लागते. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. आधी मशीन वाचतं, मग आम्ही दुरुस्त करतो, कारण त्या काळच्या छपाईतला लांब ‘एस’ मशीनला ‘एफ’ दिसतो आणि सगळा मजकूर बोबडा होतो. शेवटी एक टूल फिरतं आणि एकाच माणसाच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र करतं. नाव तेच, गाव तेच, तर माणूस तोच, असा साधा हिशेब. लोहार, गवंडी, खानावळवाले यांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी चालतो. उमरावांच्या बाबतीत पार कोलमडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन वाजता कॉल होता. म्हणजे तिकडचे साडेनऊ. हातात चार तास. मी टीममधल्या दोघांना घेऊन बसले. एक नवीन मुलगी आणि एक सातारचा पोरगा, जो मला ताई म्हणतो आणि माझ्या चुका मात्र सगळ्यांदेखत दाखवतो. व्हाइटबोर्डवर मी मध्यभागी ‘ब्लँडफर्ड’ लिहिलं आणि खाली तारखा उतरवत गेले.

मुळात ब्लँडफर्ड हे कुणाचं नावच नाही, तो इंग्रज उमरावांचा एक किताब. त्यांच्या पायऱ्या खालून वर अशा: बॅरन, मग अर्ल, मग मार्क्वेस आणि सगळ्यात वर ड्यूक. जॉन चर्चिल नावाचा सेनापती. तो १६८५ साली बॅरन झाला, १६८९ साली अर्ल ऑफ मार्लबरो, आणि १७०२ साली राणी ॲनने त्याला ड्यूक केलं. त्याच सनदेत मार्क्वेस ऑफ ब्लँडफर्ड हाही किताब आला. खरा मान एकाच माणसाला, ड्यूकला. पण त्याच्या खिशात असे खालच्या पायरीचे किताब पडून असतात, त्यातला वरचा तो आपल्या थोरल्या मुलाला वापरायला देतो. नुसता वापरायला. बाप असेपर्यंत कायद्याच्या लेखी मुलगा सामान्य प्रजाजनच. बाप गेला की मुलगा ड्यूक होतो आणि ‘ब्लँडफर्ड’ त्याच्या मुलाकडे जातं. थोरल्या भावाचा स्वेटर धाकट्याला यावा, तसं.

“म्हणजे ‘प्रतिनिधी’सारखं,” सातारचा म्हणाला.

प्रतिनिधी म्हणजे साताऱ्याच्या दरबारातलं वंशपरंपरेचं पद. अगदी तसंच नाही, पण आमच्या कामापुरतं तसंच. मोडी कागदात ‘प्रतिनिधी आले’ असं वाचलं तर साल पाहिल्याशिवाय कोणते प्रतिनिधी ते कळत नाही. मी एम. ए.ला पेशवे दप्तरातले कागद वाचले आहेत. हे माझ्याच डोक्यात आधी यायला हवं होतं. नाही आलं. इंग्रजी नावापुढे आपण का कोण जाणे अडाणी होतो.

आता पहिला ब्लँडफर्ड. ड्यूकचा एकुलता एक जगलेला मुलगा, त्याचंही नाव जॉन. केंब्रिजला शिकत असताना १७०३च्या फेब्रुवारीत देवी येऊन गेला. बाप ड्यूक होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मागे फक्त मुली. आणि अशा सनदांत साधारणपणे एकच वाक्य असतं: हा मान याच्या औरस पुरुष वारसांकडे जाईल. मुलगी नाही, पुतण्या नाही, दत्तक तर नाहीच नाही. म्हणजे एवढी मोठी सरदारकी एका पिढीत बुडणार.

पण १७०४ साली याच ड्यूकने ब्लेनहाइमला फ्रेंचांचा मोठा पराभव केला होता. वुडस्टॉकची जमीन त्याला इनाम मिळाली होती आणि तिथे त्या लढाईच्याच नावाचा राजवाडा उठत होता. अशा माणसाचं नाव बुडू देणं इंग्लंडला परवडणारं नव्हतं. १७०६ साली पार्लमेंटने खास कायदा केला: मार्लबरोचे किताब त्याच्या मुलींकडे आणि त्यांच्या वंशाकडे जाऊ शकतील. कायदा इंग्लंडचा होता. स्कॉटलंडमधला आयमथचा एक छोटा किताब त्याला आधीपासून होता, तो १७२२ साली त्याच्याबरोबरच संपला. मला हे तांत्रिक बारकावे फार आवडतात. एकाच माणसाच्या मरणाने एक किताब मरतो आणि बाकीचे लेकीच्या घरी जातात.

थोरली लेक हेन्रिएटा १७२२ साली स्वतःच्या हक्काने डचेस ऑफ मार्लबरो झाली. इथे आमच्या टूलची दुसरी शोभा. टूलमध्ये नियम होता की डचेस दिसली की तिचा नवरा ड्यूक. हेन्रिएटाचा नवरा फ्रान्सिस गोडॉल्फिन. तो अर्ल होता, शेवटपर्यंत अर्लच राहिला. आम्ही त्याला परस्पर ड्यूक करून टाकलं होतं. कुठल्याही राजाने जे केलं नाही ते हडपसरमधून झालं.

बरं, तिची आई सारा अजून जिवंत. तीही डचेस ऑफ मार्लबरो, विधवा. म्हणजे १७२२ ते १७३३ अशी अकरा वर्षं एकाच किताबाच्या दोन बायका, आई आणि लेक, आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. सारा १७४४पर्यंत जगली. नाटककार काँग्रिव्ह १७२९ साली वारला, तेव्हा त्याने आपल्या संपत्तीचा मोठा वाटा हेन्रिएटाला ठेवला. आमच्या डेटाबेसमध्ये तो साराच्या नावावर चढला होता. बोर्डासमोर उभी राहून मी हे वाचलं आणि नवीन मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, म्हातारी वर बसून हसत असेल.”

हेन्रिएटाचा मुलगा विल्यम हा पुढचा ब्लँडफर्ड. आडनाव गोडॉल्फिन. तो आईच्या आधीच, १७३१ साली गेला. ही आमची दुसरी ‘मृत्यू’ची नोंद. मग १७३३ साली हेन्रिएटा गेली आणि सगळं तिच्या मधल्या बहिणीच्या, ॲनच्या मुलाकडे आलं: चार्ल्स स्पेन्सर. हा आधीच वडिलांच्या बाजूने पाचवा अर्ल ऑफ सन्डरलँड होता, आता तिसरा ड्यूक ऑफ मार्लबरो झाला. त्याने वडिलोपार्जित ऑल्थॉर्प धाकट्या भावाला दिलं. त्या भावाच्या वंशात पुढे अर्ल स्पेन्सर आणि बऱ्याच नंतर डायाना. म्हणजे ब्लेनहाइमचे चर्चिल पुरुषांच्या बाजूने पाहिले तर चर्चिल नाहीतच, स्पेन्सर आहेत. ते आडनाव त्यांनी १८१७ साली राजाची परवानगी काढून परत जोडून घेतलं. तोवर ब्लँडफर्ड तीन आडनावांचा झाला होता: चर्चिल, गोडॉल्फिन, स्पेन्सर. टूलने तिघांना, आणि त्यांच्यामागून आलेल्या सगळ्यांना, एका खुर्चीत बसवलं होतं.

उलटा घोळही होता. नववा ड्यूक १८७१ साली जन्मला. आजोबा ड्यूक, बाप ब्लँडफर्ड, म्हणून नातू जन्मापासून अर्ल ऑफ सन्डरलँड. १८८३ला आजोबा गेले, हा ब्लँडफर्ड. १८९२ला बाप गेला, हा ड्यूक. एकविसाव्या वर्षापर्यंत तीन नावं. घरचे मात्र त्याला मरेपर्यंत ‘सनी’ म्हणायचे, ते त्याच्या पहिल्या किताबाचं, सन्डरलँडचं, लघुरूप. आमच्याकडे तो तीन वेगळी माणसं होता आणि त्यातली दोन अचानक गायब झालेली.

दुपारी कॉलवर मी चूक आधीच कबूल केली. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. आमचे सर ‘मूळ कारण’, ‘प्रतिबंधक उपाय’ असं काहीतरी बोलायला लागले, त्यांना थांबवून मी बोर्डाचा फोटो स्क्रीनवर टाकला. बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, बाणाची एक रेघ चुकली आहे, बाकी ठीक. मग एकदम विचारलं, तुम्ही पुण्यातच ना? तुमच्या गावात या घराण्याचा एक वारस येऊन गेला आहे.

मला वाटलं, कुणी पाहुणा. बाई विन्स्टन चर्चिलबद्दल बोलत होत्या. त्याचे वडील लॉर्ड रँडॉल्फ हे सातव्या ड्यूकचे धाकटे चिरंजीव. त्यांचं ‘लॉर्ड’ही नुसतं शिष्टाचाराचं, म्हणून तर ते निवडून येऊन हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसत. विन्स्टन त्यांचा मुलगा, तो साधा मिस्टर. पण रँडॉल्फ १८९५च्या जानेवारीत वारले आणि सनीला अजून मूल नव्हतं. म्हणजे सनीला काही झालं असतं तर पुढचा ड्यूक हाच. १८९६च्या ऑक्टोबरमध्ये तो पलटणीबरोबर मुंबईला उतरला, ससून डॉकच्या पायऱ्यांवर लोखंडी कडी धरताना नाव हलली आणि त्याचा खांदा निखळला. तिथून पलटण पुण्याच्या छावणीत आली आणि मग बंगळूरला गेली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो वायव्य सरहद्दीवर लढत असताना इकडे सनीला मुलगा झाला, आणि विन्स्टनची ड्यूक होण्याची शक्यता संपली. बाई म्हणाल्या, त्याची पोस्टिंग तपासा, तुमच्या टूलने त्यालाही ब्लँडफर्ड केलं असेल. केलं नव्हतं. दिवसभरातली तेवढीच इज्जत.

उपाय शेवटी साधाच निघाला. किताबाला माणूस समजायचं नाही, पद समजायचं. पदाची एक वेगळी नोंद, तिला सुरुवातीचं साल, शेवटचं साल, आणि मधे कोण कधीपासून कधीपर्यंत. आपल्याकडचा तलाठीही फेरफार असाच लिहितो. साडेपाचला आम्ही बदललेलं टूल सगळ्या उमरावांवरून फिरवायला लावलं आणि चहाला गेलो.

परत आलो तर सातारच्या पोराच्या स्क्रीनवर लाल पट्टी. टूल तक्रार करत होतं की एका घराण्यात दर्जा खाली गेला आहे. १८६०च्या डिसेंबरपर्यंत मार्क्वेस, त्यानंतर अर्ल. असं सहसा होत नाही, म्हणून चुकीची शंका. घराणं स्कॉटिश होतं. नाव डलहौसी.

“ताई, हा तोच का?”

तोच. दहावा अर्ल, हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल. पंजाब घेतल्यावर १८४९ साली त्याला मार्क्वेस केलं. सनद नेहमीचीच, औरस पुरुष वारस. आणि त्याला दोन मुलीच. १८६० साली तो गेला तेव्हा मार्क्वेसपद तिथेच संपलं, आणि जुनं अर्लपद फॉक्स मॉल नावाच्या चुलतभावाकडे गेलं. टूल बरोबर होतं, फक्त ती चूक नव्हती.

पोरगा काही वेळ काहीच बोलला नाही. त्याचं घर अदालत वाड्यापासून दहा मिनिटांवर आहे. १८४८च्या एप्रिलमध्ये साताऱ्याचे शहाजीराजे, आप्पासाहेब महाराज, वारले. औरस मुलगा नव्हता, म्हणून मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो दत्तक मानला नाही आणि राज्य खालसा केलं. पुढे नागपूर, झाशी. हे आम्ही दोघांनीही चौथीपासून वाचलेलं. डलहौसीच्या घरी पुढे काय झालं ते मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं, किंवा मी वाचलं नव्हतं.

मी म्हटलं, “शंका बंद कर, शेरा लिही, उशीर झालाय, कॅब सुटेल.”

त्याने ‘पद संपण्याचं कारण’ हा रकाना उघडला. खाली चार पर्याय आले.

“खालसा लिहू का?”

“ड्रॉपडाउनमध्ये नाही ते,” मी म्हटलं. “पुरुष वारस नाही, तो तिसरा पर्याय घे.”