सेंट्रोसोमपाशी गेलेले माझे पाच महिने

हर्पिस सिम्प्लेक्सचा विषाणू मज्जापेशीत (न्यूरॉनमध्ये) शिरून केंद्रकापर्यंत कसा जातो, ते जिवंत पेशीत पाहायचं, हे माझं काम होतं. पेशी वाढवणं, विषाणूचा साठा, सुरक्षा समितीची परवानगी, सगळं वेळेत झालं. गाडी अडली ती शेवटच्या काही मायक्रॉनांवर, आणि ती चिडचिड अजून मनातून गेलेली नाही.

पहिला टप्पा पाहताना तर भान हरपतं. विषाणूचं बाहेरचं आवरण पेशीपटलात मिसळून जातं आणि आत येतं ते कॅप्सिड, म्हणजे डीएनए ठासून भरलेली, सुमारे १२५ नॅनोमीटरची प्रथिनांची डबी. पेशीद्रव्यात इतकी गर्दी असते की अक्षतंतूतला, म्हणजे मज्जापेशीच्या लांब धाग्यातला, एक सेंटिमीटर नुसत्या विसरणाने (आपोआप भरकटत) कापायला तिला २३१ वर्षं लागतील, असा हिशोब बिआटे झोडाइक यांनी २००० साली मांडला होता. म्हणून ती डायनीन या मोटर-प्रथिनाला धरते आणि मायक्रोट्यूब्यूलवरून, म्हणजे पेशीतल्या रुळांसारख्या प्रथिनांच्या नळ्यांवरून, निघते. पडद्यावर कॅप्सिडचा हिरवा ठिपका सेकंदाला एखाद-दोन मायक्रॉन धावतो, थबकतो, जरा मागे येतो, पुन्हा सुटतो.

माझे ठिपके पेशीच्या मुख्य भागात आले की केंद्रकाच्या कडेला एकाच जागी गोळा व्हायचे आणि मी वहीत ‘पोहोचले’ असं लिहायचे. गाईडनाही ते पटायचं. पण डीएनए आत गेल्याची खूण, म्हणजे विषाणूचं आयसीपी४ हे प्रथिन, काही दिसेना. मी साठ्यावर संशय घेतला, पेशींवर घेतला, तीनदा सगळं पहिल्यापासून केलं. त्यात सूक्ष्मदर्शकाची पाळी दोनच तासांची, आणि त्यातला एक तास कक्ष ३७ अंशांवर स्थिरावण्यात जायचा. यावरून आठवलं: आधीच्या पाळीतल्या माणसाला कक्ष तापलेलाच ठेवायला सांगा. तापमान हललं की फोकस सरकतो, मग ठिपका हलला की काच, तेच कळत नाही.

पाच महिन्यांनी मी फिक्स केलेल्या (रसायनाने आहे त्या स्थितीत थांबवलेल्या) पेशींत पेरिसेंट्रिनला लाल रंग दिला; हे सेंट्रोसोमचं प्रथिन, आणि सेंट्रोसोम म्हणजे मायक्रोट्यूब्यूल जिथून फुटतात ते केंद्रकाजवळचं ठिकाण. मग सगळ्या थरांच्या प्रतिमा रचल्या आणि पेशी वरून न बघता बाजूने पाहिली. जवळजवळ सगळे ठिपके लाल खुणेभोवती होते. त्यांच्यात आणि केंद्रकाच्या पटलात बारीक काळी फट! ती फट वरून कधीच दिसली नसती. डायनीन त्यांना मायक्रोट्यूब्यूलच्या ऋण टोकाकडे नेतं आणि इथे ती टोकं सेंट्रोसोमपाशी होती. केंद्रक हा डायनीनचा मुक्काम नव्हताच. पुढे न्यायला उलट दिशेने जाणारं कायनेसिन हे मोटर-प्रथिन लागतं, आणि ते विषाणू आधीच्या त्वचापेशीतून सोबत घेऊन येतो, हे २०२१ च्या एका शोधनिबंधात वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माझे ठिपके अडकलेले नव्हते. माझी पाळी संपायची, मी पेशी फिक्स करायचे आणि त्यांची वाटचाल अर्ध्यावर तोडायचे.

त्यामुळे रात्रभराची पाळी मागा, नाही म्हटलं तरी पुन्हा मागा. हिरवं लेबल व्हीपी२६ या कॅप्सिडच्या प्रथिनाला लावा; टेग्युमेंटला, म्हणजे कॅप्सिड आणि बाहेरचं आवरण यांमधल्या थराला, लावलंत तर कॅप्सिड नसलेले कणही चमकतात. साठा छोट्या नळ्यांत गोठवा, वितळलेली नळी परत गोठवू नका.

आणि हिरवा ठिपका केंद्रकाच्या आत शोधू नका. केंद्रकाच्या छिद्रातून एवढं कॅप्सिड मावत नाही. ते दाराशी टेकतं, आत सुमारे २० ॲटमॉस्फिअर दाबाने कोंबलेला डीएनए छिद्रातून केंद्रकात सुटतो आणि रिकामी डबी बाहेरच राहते. शेवटी मला रात्रभराची पाळी मिळाली, आणि त्या रात्रीच्या पेशी पहाटे फिक्स करून रंगवल्या. एका पेशीत केंद्रकाच्या कडेला चार हिरवे ठिपके चिकटलेले होते, आणि आत आयसीपी४ चा किरमिजी रंग भरून आला होता.