पाच बेटं, पंचवीस तास

लग्नानंतर आठव्या दिवशी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली होती. अलिबागला ह्यांच्या मावशीने जोडीने जेवायला बोलावलं होतं. जूनचा पहिला आठवडा, पाऊस तोंडावर आलेला, वारा सुटलेला. माझं माहेर कराडचं, समुद्राशी संबंध फक्त भूगोलाच्या पुस्तकापुरता. मला बोट लागली. ह्यांचा लग्नातला फिकट निळा सफारी सूट त्या दिवशी जो गेला तो गेलाच. त्यामुळे 2024 च्या दिवाळीत मुलांनी विचारलं, "लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला कुठे जायचंय?" आणि हे पटकन म्हणाले, "बोटीने ग्रीसची बेटं," तेव्हा मला वाटलं, हा माणूस एवढी वर्षं दबा धरून बसला होता.

लक्षद्वीप, अंदमान ही नावंही निघाली. पण आमची तारीख 27 मे. मेअखेर आपल्याकडचा समुद्र कसा असतो हे मी अंगावर घेतलेलं आहे, विषय तिथेच संपला. ग्रीसच्या बाजूला मात्र तेव्हा हवा छान असते. तिथला तो उत्तरेचा मेल्तेमी वारा खरा जोर धरतो जुलै-ऑगस्टमध्ये. एवढं वाचल्यावर मी अर्धी तयार झाले.

पण माहितीपत्रकं बघून परत नाराज झाले. सगळीकडे बेटांचा आकडा मोठ्या अक्षरात. चार रात्रींत पाच बेटं! सात रात्रींत आठ! मी किराणा हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि रकाने आखले: बेट, जहाज कधी लागणार, कधी सुटणार. चार रात्रींच्या सफरीत मिकोनोस संध्याकाळी सहा ते अकरा, पाटमोस पाच ते नऊ, ऱ्होड्स सकाळी सात ते संध्याकाळी सहा, क्रीटचं हेराक्लिऑन सकाळी सात ते बारा, सँटोरिनी साडेचार ते साडेनऊ. बेरीज तीस तास. त्यातून प्रत्येक ठिकाणी उतरायला लागणारा अर्धा तास आणि सुटण्याआधी अर्धा तास परत हजर राहायचा नियम वजा केला. उरले पंचवीस. पाच बेटं, पंचवीस तास. क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट, आणि त्याला आमच्याकडे वेळ किती, तर डोंबिवलीहून पुण्याला जाऊन परत यायला लागतो तेवढासुद्धा नाही.

हे म्हणाले, मग क्रूझ नको, फेरीबोटीने हिंडू. तेही बघितलं. पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, साधी फेरी सँटोरिनीला साधारण आठ तास घेते. बोट धक्क्याला लागली की मागची लोखंडी फळी खाली पडते आणि मोटारी, ट्रक आणि माणसं एकाच वाटेने उतरतात. सामान ज्याचं त्याने ओढायचं. ह्यांचे गुडघे आणि माझी कंबर यांची बैठक घेतली, ठराव नामंजूर झाला. सात रात्रींची क्रूझ हिशेबाबाहेर होती. शेवटी तडजोड अशी निघाली: चार रात्री क्रूझ, आणि जहाज पिरेअसला परत आलं की तिथूनच छोट्या बोटीने एजिना बेटावर दोन रात्री मुक्काम. एजिना जलद बोटीने पाऊण तासापेक्षा कमी अंतरावर आहे, पिस्त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथून आपल्याला सोडून कुठलंही जहाज निघून जाणार नव्हतं. ही माझी अट होती. ह्यांनी ती मान्य केली, कारण पिस्ते.

मग केबिन. यात आम्ही दोन आठवडे घालवले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. सगळ्यात स्वस्त आतली, बिनखिडकीची. त्यात दिवा मालवला की दिवस आहे का रात्र ते कळत नाही. बाल्कनीवाली बघून हे विरघळले होते, पण मी विचारलं, आपण खोलीत असणार कधी? खिडकीवाल्या केबिनींत दोन भाव होते. फरक कशाचा, हे जहाजाचा मजलावार नकाशा मोठा करून बघितल्यावर कळलं. स्वस्त खिडक्यांसमोर लाइफबोटी टांगलेल्या! म्हणजे एजियन समुद्राऐवजी चार दिवस नारिंगी प्लास्टिक. आणखी एक प्रकार होता "गॅरंटी" नावाचा. त्यात केबिन कुठली ते कंपनी ठरवते. गॅरंटी एवढीच की झोपायला जागा मिळेल.

ज्याला बोट लागते त्याने खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी, टोकाची नको. झोका मध्यात कमी बसतो, एसटीत मागच्या सीटवर जो हादरा बसतो तो पुढे बसत नाही तसंच. शिवाय आपल्या डोक्यावरच्या मजल्यावर काय आहे ते बघावं. आम्ही पहिल्यांदा निवडलेल्या केबिनच्या बरोबर वर नाचाचा हॉल होता.

एजंटकडेही जाऊन आलो. गृहस्थ गोड होते. सगळीकडे जहाज धक्क्यालाच लागतं, काळजी नको, असं म्हणाले. हे साफ चूक होतं. सँटोरिनीची खाडी म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीचं तोंड. पाणी इतकं खोल की मोठ्या जहाजाचा नांगर तळाला पुरत नाही. जहाज पाण्यात थांबतं आणि माणसांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. ह्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या लहानपणी हर्णैला कोकणबोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतरवायचे, तेच हे. माझा प्रश्न पुढचा होता. जुन्या बंदरावरून वर "फिरा" नावाच्या गावात जायला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, नाहीतर गाढव, नाहीतर केबल कार, आणि तीन जहाजं एकदम आली की तिची रांग. यावर तोड अशी की जहाजाची स्वतःची सहल घेतली तर बोट वेगळ्या बंदरावर, अथिनिओसला नेते आणि तिथून बसने वर चढवतात. परतताना तेवढी केबल कार. एरवी मी या सहली महागड्या म्हणून टाळल्या, पण या एका ठिकाणी पैसे मोजले.

पैशांचं खातं ह्यांच्याकडे, बँकेतून निवृत्त झालेत. तेव्हा, 2024 साली, एजंटकडून परदेश सहल घेतली की 5 टक्के जीएसटी आणि वर 5 टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, लागायचा. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. थेट कंपनीकडे कार्डाने भरलं तर बँक परकीय चलनाचा अधिभार लावते. दोन्ही मांडून बघितलं, थेट थोडं स्वस्त पडत होतं. मात्र बंदर-कर, टिप आणि पेयं किमतीत धरली आहेत का, हे विचारल्याशिवाय कुठलीच किंमत खरी मानू नये. डिसेंबरात 20 टक्के भरले.

फेब्रुवारी उजाडला आणि सँटोरिनी हलायला लागली. समुद्राखाली धक्क्यांमागून धक्के. 11 हजारांहून जास्त माणसं बेट सोडून गेली, शाळा बंद, 6 तारखेला आणीबाणी जाहीर, 10 तारखेला 5.3 चा धक्का. मुलाचा रोज फोन, "आई, रद्द कर." आम्ही करारातली बारीक अक्षरं भिंगाने वाचली. कंपनी कुठलंही बंदर बदलू शकते, गाळू शकते, त्याची भरपाई नाही. आम्ही रद्द केलं तर आगाऊ रक्कम गेली. उरलेले पैसे निघायच्या साठ दिवस आधी भरायचे होते, म्हणजे मार्चअखेरपर्यंत थांबायला वाव होता. मी मुलाला म्हटलं, 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. महिनाभर अंगणात झोपलो, आणि त्यानंतर कराडकरांनी भांडी मांडणीवर ठेवायची सोडली का? मार्चपर्यंत धक्के ओसरले. पैसे भरले. सँटोरिनी नसती मिळाली तरी चालेल, असं मनाशी धरूनच भरले.

खरा घोळ व्हिसाचा. ग्रीसचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), माणशी 90 युरो, 30 हजार युरोंचा विमा, हे सगळं नेहमीचं. पण आमच्या सफरीत एक बंदर तुर्कस्तानचं होतं, कुशादासी. तिथे जहाज गेलं की शेंगेनच्या बाहेर गेल्यासारखं, परत ग्रीसमध्ये येणं म्हणजे दुसरा प्रवेश. म्हणून अर्जात एकाहून अधिक प्रवेश मागायचे आणि जहाजाचा मार्ग जोडून तसं पत्र द्यायचं. हे मला लेकीच्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून वाचलो.

आणि मग यादीतला तो कागद. मी आयुष्यभर घरी शिकवण्या घेतल्या, कागदावर माझी मिळकत शून्य. खर्च नवरा करणार, तर तो नवरा आहे याचा पुरावा द्या: विवाह नोंदणी प्रमाणपत्र. 1985 साली आमच्यात कोण नोंदणी करायचं? गुरुजींनी मंगलाष्टका म्हटल्या, चारशे माणसं जेवली, झालं लग्न.

मग लग्नाचा चाळिसावा वाढदिवस साजरा करण्यासाठी आम्ही आधी लग्नाची नोंदणी करायला निघालो. पत्रिका ट्रंकेच्या तळाशी सापडली, कोपऱ्यांना लावलेलं हळदकुंकू अजून पुसट दिसत होतं. फोटोत ह्यांना भरपूर केस. गुरुजी जाऊन वीस वर्षं झाली, त्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं. तीन साक्षीदार लागतात: माझा भाऊ, ह्यांचा एक शाळासोबती आणि समोरच्या वहिनी. वहिनी म्हणाल्या, "मी तर तुमच्या लग्नाला नव्हतेच." त्यांच्याऐवजी नणंद आली, ती तेव्हा दहावीत होती. महापालिकेतल्या तरुण कारकुनाने अर्ज पाहिला, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, नक्की ना?" हे म्हणाले, "अजून विचार करतोय." प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा, खरं सांगते, व्हिसापेक्षा त्याचंच अप्रूप वाटलं. आम्ही कार्यालयासमोर उसाचा रस प्यायलो.

व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे देताना ह्यांचे एका झटक्यात आले, माझे चौथ्या वेळी. आधारच्या वेळीही हेच झालं होतं. चाळीस वर्षं भांडी घासलेल्या हातांवर यंत्रांचा विश्वास बसत नाही. सोळाव्या दिवशी पासपोर्ट आले. प्रवेशांच्या चौकटीत "मल्ट" असं छापलेलं होतं, तेवढंच आधी बघितलं.

निघायला दहा दिवस उरले आणि तुर्कस्तानचा प्रश्न वेगळाच झाला. मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने घेतलेल्या बाजूमुळे पुण्याच्या बाजारात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायचं थांबवलं होतं. ह्यांनीही कुशादासीला उतरायचा बेत रद्द केला. मला तिथल्या एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष बघायचे होते, थोडी घुसमट झाली, पण वाद नाही घातला. नेमका तो दिवस 27 मे. सगळं जहाज रिकामं, पोहण्याच्या तलावात आम्ही दोघंच, आणि चाळिसाव्या वाढदिवसाची सकाळ पाय पाण्यात सोडून गेली. संध्याकाळी पाटमोसला धक्क्यासमोरच्या टपरीवजा हॉटेलात बसलो. ग्रीक लोकांच्या उपासाच्या पदार्थांत दूध-अंडीही चालत नाहीत, त्यामुळे "निस्तीसिमो", म्हणजे उपासाचं, एवढा एक शब्द शिकून घेतला की शाकाहारी माणसाचं बरंच भागतं. पिवळ्या डाळीचा फावा म्हणजे तर आपलं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल.

सँटोरिनी मिळाली. 2025 पासून तिथे क्रूझने येणाऱ्यांची मर्यादा दिवसाला 8 हजार केली आहे, तरी केबल कारला पाऊण तास उभे होतो. आम्ही येऊन गेल्यावर, जुलैपासून, तिथे आणि मिकोनोसला भर हंगामात माणशी 20 युरो करही बसला. जाणाऱ्यांनी तो धरून चालावं.

जहाजावर चार दिवस मला काही झालं नाही. मध्यावरची केबिन आणि रोज सकाळी आलेपाक. शेवटच्या दिवशी पिरेअसला उतरलो आणि एजिनाची तिकिटं काढली. ही बोट लहान होती, आणि बंदराबाहेर पडताच वारा लागला. मी पिशवीतून आलेपाकाची वडी काढली. हे शेजारून उठले, मुकाट्याने समोरच्या बाकावर जाऊन बसले आणि शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले.