कुसळ

रांगितोतो बेटाच्या फेरीबोटीत चढण्यापूर्वी बाबांनी धक्क्यावरच्या ब्रशने बुटाचा तळवा घासला आणि खाचेतून गवताचे एक कुसळ खाली पडले. ते आमच्याच ऑकलंडच्या अंगणातले होते.

उंदरांपासून सगळे उपद्रवी प्राणी हटवून हे बेट २०११ मध्ये मोठ्या कष्टाने उपद्रवमुक्त जाहीर झाले, त्यामुळे बाहेरचे बी किंवा जीव सोबत जाऊ नये म्हणून तिथे जाणाऱ्याने बूट घासायचे, पिशव्या तपासायच्या, हा शिरस्ता आहे. मी तो नेहमी उरकून टाकतो. बाबांनी मात्र ते कुसळ चिमटीत धरून रुमालात बांधले.

सुमारे सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून उफाळून वर आलेल्या या २५९ मीटर उंच बेटावर चढताना दोन्ही बाजूंना काळ्या, खडबडीत लाव्हाची रानेच्या राने पसरलेली दिसतात आणि त्यांच्या भेगांत, मातीचा मागमूस नसताना, पोहुतुकावाची झाडे मुळे रोवून उभी असतात. वाईकडचे बाबा वाटेत थांबले, दगडावरून हात फिरवत म्हणाले, "जात आपलीच आहे याची, पण हा अजून माती व्हायला शिकलेला नाही."

आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे असाच लाव्हा थिजून झालेला काळा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्या मानाने हे तान्हे बाळच. (शिखरावर त्यांना धाप लागली, हे आईला सांगायचे नाही असे ठरले आहे.)

या देशात अकरा वर्षे राहूनही आपण तळव्याच्या खाचांतून काय काय घेऊन हिंडतो, हे मी कधी वाकून पाहिले नव्हते. तुम्ही पाहिले आहे?