तुम्ही विचारलंत म्हणून : चांगला आमदार ओळखायचा कसा?

"ताई, तुम्ही आमदारांच्या ऑफिसात होतात ना? मग सांगा, चांगला आमदार ओळखायचा कसा?" हा प्रश्न मला हळदीच्या मांडवात विचारतात, कोपरखैरणे स्टेशनच्या जिन्यात विचारतात आणि निवडणूक जाहीर झाली की रोज फोनवर विचारतात. घाईगर्दीत मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर ते अपुरं होतं म्हणून हळहळत बसते. आज सविस्तर सांगते.

मी मूळची घणसोलीची, सासर कोपरखैरण्यात. नवी मुंबईतल्या एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात अकरा वर्षं पत्रव्यवहार सांभाळला. त्यांचं नाव आणि पक्ष सांगत नाही. ते कळलं की माझं बाकीचं बोलणं त्याच रंगातून वाचलं जाईल.

सकाळी दहाला शटर वर जायचं, त्याआधीच बाहेरच्या बाकावर माणसं बसलेली असायची. कुणाला मुलाच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र हवं, कुणाच्या गल्लीतल्या चेंबरचं झाकण गेलेलं, कुणाच्या इमारतीत पाणी कमी दाबाने येतंय, कुणाच्या जावयाची बदली अडलेली. मी लेटरहेडवर पत्र टाइप करायची, साहेबांची सही घ्यायची, जावक क्रमांक टाकून शिक्का मारायची. त्या पत्रांना मी कधीच कमी लेखलं नाही. डायलिसिसवर असलेल्या नवऱ्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज घेऊन आलेली एक बाई मंजुरी आल्यावर माझ्या टेबलाशी उभी राहून नुसती रडत होती. अशा वेळी आमदाराची सही एखाद्याच्या घराला आधार देते.

पण झाकण बदलणं, नालेसफाई, पाण्याचा दाब ही महापालिकेची कामं आहेत. त्यासाठी नगरसेवक असतो. नवी मुंबई महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. कोविडमुळे तेव्हाची निवडणूक पुढे ढकलली गेली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार पाहत होता. ठाण्यातही मार्च २०२२ पासून तीच गत होती. नगरसेवक नाही म्हटल्यावर गटारापासून दिव्याच्या खांबापर्यंत सगळी गाऱ्हाणी आमदारांच्या बाकावर येऊन बसली. त्यात लोकांचा काय दोष? जो दिसतो त्याच्याकडे माणूस जातो. मात्र याच काळात आपल्याला एक सवय लागली. आमदाराचं काम म्हणजे पेव्हर ब्लॉक, बाकडी, प्रवेशद्वाराची कमान आणि खाली नाव कोरलेली पाटी, असं आपण मानायला लागलो.

जरा हिशोब करा. आमदार स्थानिक विकास निधी आता वर्षाला ५ कोटी रुपये आहे. मतदारसंघात चार लाखांच्या आसपास मतदार धरले, तर माणशी वर्षाला सव्वाशे रुपये होतात. त्या सव्वाशे रुपयांतून काय दिसलं यावर आपण पाच वर्षांचा कौल देतो. आणि घर कुणाच्या नावावर राहणार, धोकादायक इमारतीतल्या माणसाला पुनर्विकासात किती जागा मिळणार, गावठाणाची हद्द कुठे संपणार, हे ज्या कायद्याने आणि शासन निर्णयाने ठरतं, तिथे आपला आमदार उभा राहून काय बोलला हे विचारायला त्या अकरा वर्षांत आमच्या बाकावर जेमतेम चार-पाच माणसं आली असतील.

मला हे का टोचतं, तर माझं माहेर अशाच एका निर्णयावर उभं आहे.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आमची भातशेती त्यात गेली. मोबदल्याचे पैसे किती पुरले, हे प्रत्येक प्रकल्पग्रस्त घरात सांगतील. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. बाबा आमच्या गावातल्या चौघांबरोबर उरणजवळच्या जासईला, त्या आंदोलनात गेले होते. मी तेव्हा सोळा वर्षांची. बाबा घरी परतेपर्यंत आईने चूल पेटवली नव्हती, एवढं मला लख्ख आठवतं.

त्या आंदोलनाचे पुढारी दि. बा. पाटील. त्यांना आज आपण मोर्च्यातला नेता म्हणून आठवतो, आणि नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव द्यायच्या मागणीमुळे नव्या मुलांनाही ते ठाऊक झाले. पण ते शेतकरी कामगार पक्षाचे आमदार म्हणून पनवेलमधून पाच वेळा निवडून आले होते, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते आणि दोनदा खासदार झाले. पेशाने वकील. भूसंपादनाचा कायदा त्यांना तोंडपाठ होता, म्हणून रस्त्यावरच्या माणसाची मागणी सरकारला नाकारता येणार नाही अशा भाषेत त्यांना मांडता यायची. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, हे तत्त्व त्या लढ्यातून आलं आणि १९९० च्या दशकात आमच्यापर्यंत पोचलं. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात, हातात पावणेनऊ येतात, यावरचा राग अजून गेलेला नाही. तरीही घणसोली-कोपरखैरण्यात भूमिपुत्राच्या नावावर आज एखादी इमारत दिसत असेल, तर तिच्या मुळाशी बहुधा तोच भूखंड असतो. कुठल्याही आमदार निधीतून एवढं कुणाला मिळालेलं मी पाहिलं नाही.

आता माझ्या भावाचं सांगते. कुटुंब वाढलं, म्हणून गावठाणाला लागून त्याने दोन खोल्या बांधल्या. याला आमच्याकडे 'गरजेपोटीचं घर' म्हणतात. एके दिवशी एका सरकारी यंत्रणेची नोटीस आली : अनधिकृत बांधकाम, पाडून टाका. वहिनी नोटीस हातात घेऊन थेट माझ्या टेबलाशी आली. मी नेहमीसारखं पत्र टाइप करायला घेतलं, तर साहेब म्हणाले, "पत्राने काय होईल? एक महिना थांबतील, मग परत येतील. हा प्रश्न तारांकित करू."

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं असा प्रश्न. विधानसभेचा असा प्रश्न मी तोवर वाचला होता, लिहिला नव्हता. त्याची एक ठरलेली चाल असते. 'अमुक गावांतील गावठाण हद्दीचे सर्वेक्षण झालेले नाही, हे खरे आहे काय. असल्यास, त्यामुळे प्रकल्पग्रस्तांच्या घरांना नोटिसा दिल्या जात आहेत, हेही खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' शब्द एकही सैल ठेवायचा नाही, नाहीतर उत्तर 'प्रश्न उद्भवत नाही' असं येऊन विषय संपतो. आम्ही तीन संध्याकाळी बसलो. भूमापनाचे जुने नकाशे, नोटिसांच्या प्रती, गावांची यादी. साहेबांनी माझा मसुदा चार वेळा खोडला.

उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे'. पुढे दोन ओळी होत्या : सर्वेक्षणाचं काम सुरू आहे. वहिनीला वाटलं, एवढंच? पण तोवर आम्हाला कुणी कागदावर काहीच कबूल केलं नव्हतं. पुढच्या सुनावणीत वकिलांनी तेच छापील पान अर्जाला जोडलं आणि कारवाईला मुदत मिळाली. घर अजून उभं आहे. ते नियमित झालेलं नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हापासून आमदाराकडे बघायची माझी पट्टी बदलली. आमदार सभागृहात काय विचारतो, हे मी आधी बघते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरच्या चर्चेतलं भाषण. लक्षवेधीवर मंत्र्याला निवेदन करावंच लागतं, आणि सभागृहात मंत्र्याने दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. तिथपर्यंत विषय नेणारा आमदार वेगळाच कळतो. विमानतळ, मेट्रो हे शब्द सगळ्यांच्याच भाषणात असतात, त्यावरून मला काही समजत नाही. माथाडी कामगाराच्या घराबद्दल, सिडकोच्या गळक्या इमारतींच्या पुनर्विकासाबद्दल, खाडीतल्या मासेमारीच्या नुकसानभरपाईबद्दल नेमकं कोण विचारतो, यावरून समजतं. नवी मुंबईतल्या दिघ्यात ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा उच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा ज्यांनी आयुष्याची कमाई घालून तिथे घर घेतलं होतं त्यांचे चेहरे मी ऑफिसात पाहिलेत. मुंब्र्यात शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. अशा गोष्टी घडण्याच्या आधी कुणी प्रश्न विचारला होता का, हे मी शोधते. घडल्यावर भेट द्यायला सगळेच येतात.

पक्षाबद्दलही विचारतात. आमच्या भागात पक्षावरून अंदाज बांधणं अवघड आहे. गणेश नाईक १९९५ च्या युती सरकारात शिवसेनेचे मंत्री होते, २००४ मध्ये राष्ट्रवादीकडून जिंकले, २०१९ पासून भाजपचे आमदार आहेत. मंदा म्हात्रे राष्ट्रवादीतून विधान परिषदेवर होत्या आणि २०१४ पासून बेलापूरमधून सलग तीनदा भाजपकडून निवडून आल्या. मी यात कुणाला नावं ठेवत नाही, ज्याचा त्याचा राजकीय निर्णय. सांगायचं एवढंच की झेंडे बदलले तरी गरजेपोटीची घरं हा विषय प्रत्येक जाहीरनाम्यात तसाच राहिला. म्हणून मी चिन्हाआधी कामकाज वाचते.

"आपल्या एका मताने काय होतं?" असं कुणी म्हटलं की मात्र मी चिडते. २००८ च्या पुनर्रचनेआधी बेलापूर हा एकच अवाढव्य मतदारसंघ होता, नंतर ऐरोली वेगळा झाला. २०२४ मध्ये बेलापूरचा निकाल किती मतांनी लागला? ३७७. तिथल्या एखाद्या सेक्टरमधल्या दोन-तीन सोसायट्या त्या दिवशी घरी बसल्या असत्या तर निकाल वेगळा लागू शकला असता.

गेल्या आठवड्यात शेजारची मुलगी आली. एकोणीस वर्षांची, मतदार यादीत नाव नुकतंच लागलंय. तिनेही तोच प्रश्न विचारला. मी तिला विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या उघडून दिल्या आणि आपल्या आमदारांचं नाव शोध म्हटलं. सुरुवातीला 'हे खरे आहे काय' वाचून ती हसली. मग गप्प झाली. दोन तास ती जमिनीवर मांडी घालून वाचत होती, मधे चहा निवला. एका प्रश्नाशी थांबून तिने फोन माझ्यापुढे धरला. तिच्या आजीच्या गावाचं नाव होतं त्यात. उत्तर होतं, 'कार्यवाही सुरू आहे'.

"किती वर्षांपूर्वीचं आहे हे, काकी?" तिने विचारलं. मी तारीख दाखवली.

"मग आता कुणी परत विचारलंय का?"

आम्ही पुढच्या अधिवेशनाची यादी उघडली.